खुशालच्या किल्लीचा वाकडा मणी

मित्रांनो, मी काचेचा एक वाकडा मणी आहे. स्वतःला जुना म्हणवून घ्यायला मला फार आवडलं असतं, कारण जुन्या वस्तूंना मान असतो. पण माझं वय जेमतेम चार वर्षांचं. रंग हिरवा, एक बाजू फुगलेली, दुसरी दबलेली आणि पोटात हवेचा एक बुडबुडा. भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळ गावी खुशाल नावाचा एक धान पिकवणारा शेतकरी आहे. त्याच्या मोटरसायकलच्या किल्लीला मी लटकलेला असतो.

माझा जन्म एका बाटलीतून झाला. कसल्या बाटलीतून, ते मुलांसमोर सांगू नये. पण पुढचं सगळं त्या बाटलीमुळेच घडलं, तेव्हा सांगावंच लागतं. ती दारूची बाटली होती. रिकामी. हा शेवटचा शब्द नीट लक्षात ठेवा. अड्याळात तो कोणीच लक्षात ठेवला नाही.

खुशालची बायको साधना हिचं माहेर बपेऱ्याचं. लग्नाआधी तिथल्या जत्रेत तिने एक म्हातारा कारागीर पाहिला होता. तो ज्योतीवर काच वितळवायचा आणि सळीवर गुंडाळून तिचे मणी करायचा. बाकीच्या मैत्रिणी पाळण्यात बसून आल्या, साधना त्याच्यासमोरून हललीच नाही. तिच्या हातातली भेळ पार भिजून गेली. म्हातारा भला होता. त्याने तिला सळी धरायला दिली आणि जत्रा संपेपर्यंत रोज शिकवलं. लग्न होऊन ती अड्याळला आली तेव्हा तिने नवऱ्याकडे साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. बर्नर मागितला. खुशालला वाटलं, स्वयंपाकाची सोय होईल. त्याने आणून दिला.

घरामागच्या गोठ्याशेजारी तिने शेड टाकली. गॅसचा बर्नर, पायाने दाबायचा भाता, तळ्यातली मऊ माती लावलेली लोखंडी सळी आणि धानाच्या भुशाच्या राखेने भरलेलं एक मडकं. एवढा तिचा कारखाना. त्या शेडमध्ये तयार झालेला पहिला मणी मी. बाटलीचा तुकडा मधासारखा सैल झाला, सळीभोवती गुंडाळला गेला, आणि मी छान गोल होत होतो. एवढ्यात बाहेरून सासूबाई गोदावरीबाई ओरडल्या, "साधना, बकरी शिरली वो धानात!" साधना दचकली. बकरीला काही झालं नाही. माझी मात्र एक बाजू कायमची बसली.

ती मला फेकणारच होती, पण खुशालने उचललं. मला उन्हात धरून, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "राहू दे. हसून राहिल्यावानी दिसते."

तेव्हापासून मी किल्लीला आहे. माझ्यानंतर झालेले मणी सुरेख निघाले. बाया गळ्यात घालायला न्यायच्या, शेतकरी पोळ्याला बैलांच्या गळ्यात बांधायला न्यायचे. एक गोष्ट मी तेव्हापासून पाहत आलो आहे. मणी दिसला की माणसाचा हात आपोआप पुढे येतो. गाय तपासायला आलेले जनावरांचे डॉक्टरही गाय सोडून टोपलीपाशी बसले होते. प्रत्येक जण मणी उचलतो, उजेडाकडे धरतो आणि एक डोळा मिटतो. हे त्यांना कोण शिकवतं, मला ठाऊक नाही.

पण मण्यांना बाटल्या लागतात, आणि बाटल्या आणायचं काम खुशालकडे होतं. हा माणूस भजन मंडळात खंजिरी वाजवतो. दारू तर सोडाच, खोकल्याचं औषधसुद्धा तो इकडेतिकडे पाहून घेतो. तोच माणूस आता दर आठवड्याला ढाब्यामागून पोतंभर बाटल्या घेऊन गावातून जाऊ लागला. खळखळ, खळखळ. लोक ओट्यावरून पाहायचे. भजनात त्याच्या शेजारी बसणारे जरा सरकून बसू लागले. खुशाल समजावून सांगायचा, "मण्यासाठी हायेत गा." लोक समजुतीने मान हलवायचे आणि पाठ फिरताच हसायचे.

अशातच खुशालच्या धाकट्या बहिणीला, गुंजनला, आसगावहून स्थळ आलं. मुलगा वीरेंद्र, स्वभावाने सालस. गुंजनने त्याला मावशीकडच्या एका लग्नात एकदा पाहिलं होतं आणि तो तिला आवडला होता. अडचण एकच होती. त्याची आई बेबीबाई गावच्या दारूबंदी महिला मंडळाची अध्यक्ष होती. हातभट्ट्या फोडण्यात पंचक्रोशीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच गोदावरीबाईंनी फर्मान काढलं. "घरात एक बाटली दिसली नाही पाहिजे. पाहुने येयाच्या आंधी साऱ्या दूर नेऊन टाक."

खुशालने एक पोतं मोटरसायकलला बांधलं आणि निघाला. मी किल्लीला झुलत होतो. गावाबाहेरच्या वळणावर समोरून एक जीप आली. खुशालने ब्रेक दाबला, पोत्याची शिवण उसवली आणि बाटल्या रस्ताभर घरंगळत गेल्या. त्यातली एक जीपच्या चाकाला टेकून थांबली. जीपमधून बेबीबाई उतरली. पाहुणे लवकर आले होते.

"खुशाल ना गा तू?"

"हो जी."

"ह्या बाटल्या कोनाच्या?"

मित्रांनो, खुशालला खोटं बोलता येत नाही. खरं बोलायचं म्हटलं तरी ते कुठून सुरू करावं, हेही त्याला कळत नाही.

"घरच्याच हायेत जी."

"एवढ्या?"

"एवढ्याच नाही जी. आनखी एक पोतं घरी हाय."

बेबीबाईचा श्वास वर चढला. "तू पेते का?"

"राम राम राम! मी कधी थेंब नाही चाखला जी. ह्या साऱ्या माह्या बायकोच्या हायेत."

जीपमध्ये बसलेल्या बेबीबाईच्या यजमानांनी डोळे मिटून घेतले. वीरेंद्र बाहेर शेताकडे पाहू लागला.

"बायको पेते?" बेबीबाईचा आवाज चिरकला.

"नाही जी, नाही! ते कायले पेईन? तिची भट्टी हाय ना, घराच्या मांगं."

ज्योतीच्या शेडला घरातले सगळे भट्टीच म्हणत. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मण्याला तोंड नसतं, नुसतं भोक असतं.

"गाडी फिरव," बेबीबाई ड्रायव्हरला म्हणाली. मग लगेच, "नाही, थांब. भट्टी फोडूनच जाऊ. सोयरीक नाही झाली तं नाही, आल्यासारखं काम तं होईल." तिने सीटखालून जॅकचा दांडा काढला.

जीप पुढे आणि मागून बाटल्या तशाच टाकून आलेला खुशाल, अशी आमची वरात घरी पोचली. गोदावरीबाई दारात हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या. विहीणबाई दांडा उगारून त्यांच्या शेजारून तरातरा मागच्या अंगणात गेल्या. ताट गोदावरीबाईंच्या हातातच राहिलं.

शेडमध्ये साधना काळा चष्मा लावून बसली होती. बेबीबाईच्या ओटीत घालायला एक खास मणी करावा, असं तिच्या मनात होतं. पाहुणे लवकर येतील याची तिला काय कल्पना? ज्योत फुरफुरत होती. सळीच्या टोकाला पळसाच्या फुलासारखा लालकेशरी गोळा गरगर फिरत होता.

बेबीबाई दांडा वर धरून थांबली. दांडा हळूहळू खाली आला.

"हे काय होय वो?"

"मणी होय जी," साधना मान वर न करता म्हणाली. "बाटलीचा."

"दारू कुठं हाय?"

"ते पेनारे पेऊन गेले जी. मी फक्त काच घेतो."

बेबीबाई खाली वाकली, मग उकिडवी बसली, मग मांडी घालून बसली. "आनखी फिरव," ती म्हणाली. तिचे यजमानही शेजारी येऊन बसले. गोदावरीबाई ताटासकट आल्या.

गुंजन पोह्यांचा ट्रे घेऊन आली तेव्हा तिच्याकडे कोणी पाहिलंच नाही. एकटा वीरेंद्र दाराशी उभा होता.

"तुमाले मणी नाही पाहाचा का?" तिने विचारलं.

"मी पोहे पाहून राहिलो," तो म्हणाला. पोह्यांकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मणी झाला. साधना तो राखेच्या मडक्यात ठेवायला वळली, तर बेबीबाईने सळीच हातातून घेतली. "आन इकडं, पाहू तं दे." तिला मणी हातात घ्यायचा होता आणि तो तर गरम होता. जवळच पाहुण्यांसाठी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या होता. तिने सळी त्यात बुडवली.

टच्च!

मण्याचे दोन तुकडे झाले. मुलगी पाहण्याच्या दिवशी घरात काच फुटली. गोदावरीबाई मटकन खाली बसल्या. बेबीबाईचाही चेहरा उतरला, कारण फुटला तो तिच्याच हातून.

"घाई केली जी तुमी," साधना म्हणाली. "गरम काच थंड्या पान्यात नाही टाकत. राखेत झाकून सकाळपर्यंत ठेवा लागते."

गोदावरीबाईंनी सुनेला चिमटा काढला. आसगावात बेबीबाईला असं सांगणारा कोणी जन्मला नव्हता. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि खुशालच्या हातातल्या किल्लीला लटकलेल्या माझ्यावर तिची नजर पडली.

"मंग हाच देऊन दे मले. हा तं थंडा हाय." तिने हात पुढे केला.

खुशालने मला मुठीत घेतलं.

"देऊन टाक गा," गोदावरीबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"हा नाही देता येत जी," खुशाल म्हणाला. "साधनाचा पयला मणी होय हा. पुरी टोपली घेऊन जा, पन हा नाही."

"वाकडा तं हाय!"

"हो जी. वाकडाच हाय."

"अन ह्याच्यापायी सोयरीक मोडली तं?"

खुशालने बहिणीकडे पाहिलं. त्याची मूठ सैल पडायला लागली होती. गुंजनने ट्रे खाली ठेवला आणि ती स्पष्ट म्हणाली, "नको देऊ दादा."

मग बेबीबाई नवऱ्याकडे वळली.

"ऐकून राहिले का? एवढ्या वर्सांच्या संसारात तुमी माही कोनती वस्तू अशी जपली?"

सकाळपासून एक शब्दही न बोललेले यजमान घसा साफ करून म्हणाले, "तुलेच जपून राहिलो ना वो. आनखी काही जपाले वेळ कुठं भेटते?"

आधी वीरेंद्र हसला, मग गुंजन, आणि शेवटी बेबीबाईलाही हसू आवरेना. तिने दांडा बाजूला ठेवला आणि पोह्यांची बशी घेतली. "थंडे झाले, पन चांगले हायेत. कोनं केले?"

"गुंजननं," साधना म्हणाली.

"मंग इहीनबाई, तुमच्या हातातलं कुंकू लावता का आता? केव्हाच्या घेऊन बसल्या."

गुंजनचं लग्न थाटात झालं. हल्ली आसगावचं महिला मंडळ जप्त करून रिकाम्या केलेल्या बाटल्या टेम्पोने आमच्याकडे पाठवतं. त्यामुळे अड्याळात आता सोयऱ्यांबद्दलही कुजबुज सुरू झाली आहे. खुशालने समजावणं सोडून दिलं आहे. कुजबुजणाऱ्याला तो सरळ शेडमध्ये आणतो. तो माणूस तासाभराने एक डोळा मिटलेला सापडतो.

आज बेबीबाई आली आहे. दुपारभर भाता दाबून, घामाघूम होऊन तिने स्वतःच्या हाताने पहिला मणी केला. तो माझ्यापेक्षाही वाकडा आहे, हे मी अभिमानाने सांगतो. आता तो राखेत निवतो आहे. बेबीबाई थोड्या थोड्या वेळाने मडक्याकडे जाते आणि साधनाने डोळे वटारले की परत येते. तिच्या यजमानांनी मात्र साधनाला कोपऱ्यात गाठून हळूच सांगून ठेवलं आहे, "तो मले पाहिजे बाई. तिले सांगू नको."

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुम्ही कधी अड्याळला आलात, तर टोपलीतला हवा तो मणी उचला, उजेडात धरा, एक डोळा मिटा. पण राखेतला मणी कोणी उकरू नका. त्याला सकाळपर्यंत निवू द्या. आणि निघाला वाकडा, तर हसा मनसोक्त, पण फेकू मात्र नका. त्याची वाट पाहणारं माणूस तिथेच कुठेतरी बसलेलं असतं.