नवी जोडी पुढे

कमळाकरने टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं. नख अर्धंही आत गेलं नाही. गुडघ्यावर हात टेकत तो उठला आणि मागच्या चाकाशी जाऊन पुन्हा वाकला. तिथे खाच म्हणावी असं काही उरलंच नव्हतं. हात फिरवला तर टायर पाटीसारखा गुळगुळीत लागला.

"चारों के चारों गेले, साईं," गल्ल्यावरून न उठताच गोपशेठ म्हणाला. "पावसाळा तोंडावर आहे. चारही बदला."

"दोनच द्या."

गोपशेठने खांदे उडवले. दोनच मागणारी गिऱ्हाइकं त्याने आयुष्यभर पाहिली होती. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या त्या गल्लीत त्याचं दुकान आत कमी आणि बाहेरच जास्त होतं. टायरच्या चळती फुटपाथवर, हवेची टाकी गटारावर टाकलेल्या फळीवर, आणि गिऱ्हाइकाची गाडी अर्धी रस्त्यात. मागून येणारे रिक्षावाले हॉर्न मारून शिव्या देत पुढे जात होते आणि गोपशेठला त्याचं काही वाटत नव्हतं.

गाडी म्हणजे कमळाकरची पिकअप. इथल्या फर्निचरच्या दुकानांतून कपाटं, पलंग, सोफे भरायचे आणि बदलापूर, शिरगाव, वांगणीकडच्या नव्या बिल्डिंगांत पोचवायचे, हा तिचा धंदा. त्या बिल्डिंगांत माणसाच्या आधी त्याचं कपाट राहायला जातं. जाताना गाडी भरलेली, येताना रिकामी. गेलं वर्षभर ती कमळाकरने स्वतःच हाकली होती; उद्यापासून बबन चालवणार होता. बबन वांगणीचा, लग्न होऊन वर्ष झालेलं, स्वभावाने गरीब. आजही तोच गाडी घेऊन आला होता आणि नव्या मालकासमोर उगाच फडक्याने आरसा पुसत उभा होता.

"कुठले दाखवू?" गोपशेठने विचारलं.

"उन्हातानात, पावसात, चिकलात, सगल्यात चालला पायजे असा. दर मोसमाला टायर बदलायला मी काय शेठ नाय."

गोपशेठने तीन टायर काढून भिंतीला लावले. पहिल्यावर नुसत्या सरळ रेघा. तो डांबरी रस्त्यावर मख्खन, चिखलात शिरला की बेकार. दुसऱ्यावर जाड जाड ठोकळे. तो चिखलातून बाहेर काढील, पण रस्त्यावर आवाज करील आणि लवकर झिजेल. तिसरा दोन्हींच्या मधला, मध्ये रेघा आणि कडेला ठोकळे.

"हा बारा महिने चालतो," तिसऱ्यावर थाप मारत गोपशेठ म्हणाला. "चारही चाकांनी ओढणारी गाडी असती तर कुठलाही खपला असता. तुमची मागच्या दोनच चाकांवर ओढते. हाच घ्या."

तेवढ्यात एक मोटरसायकल येऊन पिकअपच्या पुढ्यात थांबली. अंगात कंपनीचा निळा शर्ट, डोळ्यांखाली रात्रपाळीचा काळा पट्टा. धर्मेश. कमळाकरचा एकुलता एक मुलगा.

"तुला कोनी बोलवला?" कमळाकर म्हणाला.

"कोनी नाय. सुटलो कंपनीतून. नेत्रा बोलली टायर घ्यायला गेलेत, म्हनून आलो."

सून घरातल्या बातम्या पुरवते तर, असं मनाशी म्हणत कमळाकरने तोंड फिरवलं. अंबरनाथच्या कंपनीतून सुटल्यावर शिरगावच्या घरी जायचं सोडून कोणी उलटं उल्हासनगरला येत नाही. पोरगा का आलाय हे त्याला बरोबर कळत होतं. गाडी दुसऱ्याच्या हातात जायच्या आधी एकदा गयावया करून बघायची. करू दे. त्याचं उत्तर कमळाकरकडे तयार होतं, गेलं वर्षभर तयार होतं.

गेल्या श्रावणात वांगणीला एक कपाट उतरवून धर्मेश परत येत होता. त्याची आई वेणू, तिची माहेरची माणसं तिथलीच. भावाकडे दोन दिवस राहिलेल्या आईला त्याने सोबत घेतलं. ती पुढे, त्याच्या डाव्या बाजूला बसली. पाऊस पडून रस्ता ओला होता. बदलापूरच्या अलीकडे मोरीजवळच्या वळणावर गाडीने अख्खी गिरकी घेतली आणि डाव्या अंगाने चिंचेच्या झाडावर आदळली. धर्मेशच्या कपाळाला टाके पडले. वेणू जागेवरच गेली.

दवाखान्याच्या दारात धर्मेश एकच सांगत होता, "आबा, गाडी फिरली. गाडी फिरली." कमळाकरने त्याच्या टाक्यांवरच थप्पड मारली होती. गाडी फिरत नाही, फिरवणारा फिरवतो. पोलिसांनी विचारलं तेव्हाही त्याने हेच सांगितलं, की पोरगा बेफाम हाकतो, मी कितीदा समजावलं. धर्मेशनेही जबाबात जोरात होतो असं कबूल केलं आणि त्याच्यावर केस झाली. तेव्हापासून दोघं एका घरात राहत होते, एका चुलीवरचं जेवत होते, आणि कमळाकर त्याच्याशी टाकून बोलण्यापलीकडे काही बोलत नव्हता. कामाचं बोलायचं ते नेत्रामार्फत. या गाडीच्या स्टेअरिंगला धर्मेशने बाप जिवंत असेपर्यंत हात लावायचा नाही, हे त्याने तेराव्याला सगळ्या भावकीसमोर सांगितलं होतं.

धर्मेश तिन्ही टायरांसमोर उकिडवा बसला. तिसऱ्याच्या कडेवरून बोट फिरवत त्याने विचारलं, "ओल्या रस्त्यावर ह्यातला कुठला धरतो?"

"तुझा हात आहे तोच," गोपशेठ म्हणाला.

पोराने हात ठेवला एवढ्यावरूनच तो टायर कमळाकरला नकोसा झाला. तो ठोकळेवाल्याकडे बघत राहिला. पण बबननेही अडखळत तिसराच बरा असं म्हटलं, तेव्हा त्याने मान हलवली.

"हीच जोडी दे. नवी जोडी पुढं टाक, पुढचे आहेत ते मागं घाल," जॅक लावणाऱ्या कारागिराला तो म्हणाला. बबनला त्याने चाकाखाली ठेवायला लिंबं आणायला पिटाळलं आणि स्वतः कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला गेला. धर्मेशला चहा विचारायचा प्रश्नच नव्हता.

चहा गरम होता आणि टपरीवाला बोलका होता, त्यामुळे त्याला वेळ लागला. परत आला तेव्हा पिकअप जॅकवरच होती. नवे टायर काळेभोर चमकत होते, पण मागे. धर्मेश कारागिराच्या शेजारी बसून एकेक नट हाताने ओढून बघत होता.

कमळाकरच्या डोक्यात सणक गेली.

"ह्ये काय? मी काय सांगितला व्हता?"

कारागीर पाना हातात धरून थांबला. त्याने धर्मेशकडे पाहिलं.

"मागंच राहू द्या, आबा," धर्मेश उठून म्हणाला.

"कोनी सांगितला मागं टाकायला?"

"बबन बोलला. त्याला मागं पायजेत."

बबन लिंबांची पुडी घेऊन नेमका तेव्हाच आला. "मी?" तो घाबरून म्हणाला. "मी कवा बोल्लो? मी तर लिंबांना गेलेलो."

धर्मेशने मान खाली घातली. खोटं बोलायची सवय नव्हती त्याला.

"खोल ते," कमळाकर कारागिराला म्हणाला. "निम्मी जिंदगी लॉरी हाकली मी. दगडखाणीवर, रेतीवर. नवा टायर कायम पुढं. स्टेरिंग ज्याच्यावर, जीव त्याच्यावर. हा मला शिकवनार?"

"साईं, लॉरीची गोष्ट लॉरीला," गोपशेठ पहिल्यांदाच गल्ल्यावरून उठून बाहेर आला. "लॉरीला मागे एकेका बाजूला दोन-दोन टायर. एक दगा देतो, दुसरा धरतो. तिथे पुढचेच सांभाळायचे. ह्या गाडीला मागे एकेकच. पुढचे घासले तर स्टेरिंगमध्ये कळतं, माणूस सावध होतो. मागचे घासले तर काही कळत नाही. त्यात गाडी रिकामी असली, मागे वजन नाही, वर रस्ता ओला... पिछाडी निघून जाते. मग हळू चालवा नाहीतर जोरात. ब्रेकला पाय लावला की गाडी फिरूनच जाते. मुलगा बरोबर सांगतो तुमचा."

एवढं बोलून तो आत गेला. त्याच्या दृष्टीने ही टायरची गोष्ट होती आणि ती संपली होती.

बबन म्हणाला, "म्हंजे काकी गेल्या तवा..." आणि त्याने जीभ चावली. लिंबांची पुडी घेऊन तो गाडीच्या पलीकडे गेला.

गेल्या आषाढात शिरगावच्या नाक्यावर नवी जोडी घेतली होती, ती कमळाकरला काही आठवावी लागली नाही. ती त्याला चांगली लक्षात होती, कारण पोरगा कसा शेफारलाय हे सांगताना तो ती गोष्ट चारचौघांत सांगायचा. धर्मेश म्हणाला होता, आबा, मागं टाकू, रिकामी असली की मागून हलते गाडी. आणि कमळाकर सगळ्या नाक्यासमोर म्हणाला होता, गाडी माझ्या पैशाची हाय, बापाला अक्कल नको शिकवू. नाका हसला होता. धर्मेशही कसनुसा हसला होता. नवी जोडी पुढे बसली होती.

वेणूला कोणी मारलं, हे त्याला वर्षभर ठाऊक होतं. त्या ठाऊक असण्यावरच तो रोज उठत होता, जेवत होता, पोराला ताटावरून उठवत होता. आता गटारावरच्या फळीशी उभं राहून त्याला ते नव्याने कळत होतं आणि हात कुठे ठेवावा हे समजत नव्हतं. शेवटी त्याने तो गाडीच्या फाळक्यावर ठेवला.

"त्या दिवशी..." तो म्हणाला. हा प्रश्न त्याने आजवर विचारलाच नव्हता. "त्या दिवशी जोरात व्हतास काय तू?"

धर्मेश नटाकडे बघत राहिला. "आता काय त्याचा."

"सांग ना."

"थर्ड गियरमध्ये होतो. वळणावर म्हशी आल्या, म्हणून ब्रेक दाबला. आईच बोलली, सावकाश घे. सावकाशच होतो."

"मंग पोलिसांना कशाला सांगितलास जोरात होतो म्हनून?"

"तुम्ही आधी सांगितला होता."

"म्हनून?"

"त्यांनी मला वाचून दाखवला, तुमचे वडील असा बोलतात. मी दुसरा काय सांगितला असता तर त्यांनी टायर बघितले असते. गाडी कोनाची, टायर कोनी घातले, सगला विचारला असता." तो गोष्ट अशी सांगत होता की जणू कंपनीतल्या पाळीबद्दल बोलतोय. "आई तर गेलीच होती. तुमाला कळला असता तर तुम्ही जगला असता काय?"

मागे रिक्षावाला हॉर्न मारत होता. कारागिराने विचारलं, गाडी खाली घेऊ का. धर्मेशच म्हणाला, "घे. टाइट केलेत ना सगले? घे खाली."

जॅक उतरला. गाडी नव्या टायरांवर बसली. धर्मेशने पायाने एकदा टायर दाबून पाहिला आणि मोटरसायकलकडे वळला. त्याचं इथलं काम झालं होतं. तेवढ्यासाठीच तो झोप मोडून आला होता, हे आता कमळाकरला कळलं. गाडी मागायला नव्हे. बबनसाठी, घरी त्याची वाट बघणाऱ्या त्याच्या बायकोसाठी.

"धर्मेश," त्याने हाक मारली. ही हाकही वर्षानंतरचीच. "कोर्टात तारीख कवा हाय?"

"मंगलवारी."

"मी येतंव. काय खरा ते सांगतंव."

धर्मेश परत आला. बापाच्या अगदी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "नका येऊ, आबा. तुमचा आणि माझा लिहिलेला जबाब जुलतंय, तसाच राहू द्या. काय व्हायचा तो माझा होईल. ह्या वयात तुमाला झेपनार नाय." मग वळता वळता, "घरी जा. नेत्राने भाकऱ्या केल्यात."

तो गेला. गल्लीच्या तोंडाशी निळा शर्ट थोडा वेळ दिसला, मग टेंपो आडवा आला.

बबनने लिंबं चाकांखाली ठेवली, हात जोडले आणि गाडी सुरू केली. कमळाकर त्याच्या डाव्या बाजूला चढून बसला. अंबरनाथ मागे पडलं. बबन म्हणाला, "काका, मी सावकाशच चालवतो हां. तुमी काळजी नका करू."

कमळाकरने मान हलवली. मग त्याने विचारलं, "मंगलवारी भाडा हाय काय कुठचा?"

"सकाळी एक पलंग हाय, बदलापूरचा."

"तो बुधवारवर टाक. मला कोर्टात सोड."

"धर्मेशदादांना पन घेऊ ना संगती?"

"नको," कमळाकर म्हणाला. "त्याला सांगू पन नको."