सगळ्यांत कमी गुण

"इथं कुणाला ओळखता?" टोपीवाल्या सूत्रसंचालकानं विचारलं.

"कुणालाच नाही," दादा म्हणाला. त्याची सख्खी बहीण दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

स्लॅमचा, म्हणजे या कविता म्हणण्याच्या स्पर्धेचा, नियमच तसा. आपली कविता आपणच, हातात कागद न घेता, ठरल्या वेळेत म्हणायची; आणि गुण द्यायचे ते प्रेक्षकांतल्या पाच अनोळखी माणसांनी. दादानं पाटी मांडीवर घेतली, खडू बोटांत फिरवला आणि बहिणीकडे असं पाहिलं, की जणू देवाघरचा निवाडा आता त्याच्याच हाती आला.

मघाशी दारातच त्यानं तिला गाठलं होतं. "अप्पांची अब्रू चारचौघांत घालवणार? मेलेल्या बापाची?"

"माझी पहिलीच कविता आहे, दादा. म्हणू दे."

"म्हण की! पण मग घराची किल्ली इथंच द्यायची. आईचं तोंड पुन्हा बघायला मिळायचं नाही, सांगून ठेवतो."

ती गॅस एजन्सीत तक्रारींच्या फोनवर बसायची. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि वर गोड बोलायचं. समोरचा चढला की तिचा आवाज आपोआप उतरायचा, म्हणून ऑफिसात तिला नाव पडलं हळूबाई. शिकवण आईची. अप्पांचा हात उठला की ती माउली आधी खिडक्या लावायची आणि रडणाऱ्या पोरांना म्हणायची, "हळू! शेजारी ऐकतील."

तिच्या आधीच्या पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं होतं. ती माइकसमोर जाऊन बोलू लागली, तोच मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, अंगाई आहे का?" हशा पिकला. ती थांबली नाही. अप्पांनी भिंतीवर फेकलेलं ताट. भिंतीवर राहिलेला डाग. तो झाकायला, दरवर्षी त्याच खिळ्यावर, नवं कॅलेंडर.

"खोटं!" दादा ताडकन उठला. "साफ खोटं बोलतेय! बंद करा हिला!"

तिच्या तोंडून कामावरचाच आवाज निघाला, "आपली तक्रार नोंदवली आहे. कृपया प्रतीक्षा करा."

लोक खदखदून हसले. ती हसली नाही. आवाज आणखी खाली आणून तिनं कविता संपवली:

"खिळा दादानं ठोकला.
हात पुरत नव्हता त्याचा,
स्टुलावर चढला होता.
स्टूल मी धरलं होतं."

ती माइकपासून मागे सरली.

पाट्या वर झाल्या. आठ, नऊ, आठ, नऊ. आणि दादाचं शून्य, खडू मोडेपर्यंत गिरवलेलं.

"सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी गुण धरत नाहीत," टोपीवाला सहज म्हणाला. "शून्य बाद." त्यानं पुढच्याला हाक मारलीसुद्धा. दादा पाटी उंच धरून तसाच उभा राहिला. तिकडे कुणी बघतही नव्हतं.

बाहेर येऊन त्यानं खडूनं पांढरा झालेला तळवा पुढे केला. "किल्ली."

तिनं जुडग्यातून ती सोडवली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"आता आईला काय सांगू?" तो गुरकावला.

"सांग, हळूच बोलले."

जुडग्यात ऑफिसच्या कपाटाची तेवढी एक किल्ली उरली होती. चालताना ती वाजतही नव्हती.