जोडचाकांची झाकणं

हाक मारली की जनावरसुद्धा मान वळवतं. गोजरबाईचा इंद्रजीत मात्र आठवडा झाला, आईशी बोलायचा तो भिंतीकडं बघून. अर्ध्या ताटावरून उठायचा. बायकोनं, तनुजानं, काय झालं म्हणून विचारलं की तिच्यावर खेकसायचा. आणि गाडी धुवायचा. ज्यानं जन्मात स्वतःची बनियन कधी पिळली नाही, तो उजाडताच पिकअपवर पाण्याचा पाइप धरायचा. चाकांवर तर असा धरायचा, की जणू आग विझवतोय.

पिकअप म्हणजे गोजरबाईच्या नाकातला मोती. पुढं दोन चाकं, मागं दोन्हीकडं जोडचाकं. लासूर स्टेशनच्या कांदा बाजारात गाडी लांबूनच ओळखू यायची, ती पोपटांवरून. गाडी नवी घेतली तेव्हा पेंटर म्हणाला होता, चाकांच्या झाकणांवर देवीचं नाव टाकू. तिनं त्याला उभा चिरला होता, "देवीला चिखलात लोळवतो का रं, मुडद्या?" मग तिच्याच हुकमानं चारी झाकणांवर एकेक हिरवागार पोपट बसला, लाल चोचीचा.

त्यातला क्लीनरच्या, म्हणजे डाव्या बाजूचा, मागच्या जोडचाकावरचा पोपट गेला. आठवड्यापूर्वी इंद्रजीत पैठणला कांदा टाकून घरी आला, तेव्हा तिथं नुसते नट दिसत होते. "चोरीला गेलं," एवढंच तो बोलला. चोराला चार हाताशी असताना एकच कसं लागलं, हे गोजरबाईनं विचारलं, पण उत्तर भिंतीलाच मिळालं. तेही तिनं गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी उरलेले तिन्ही पोपट त्यानं आपल्या हातानं उतरवले, गोणीत कोंबले आणि कांद्याच्या चाळीमागं नेऊन टाकले. आणि आता म्हणे संभाजीनगरला जाऊन सगळीच नवी झाकणं बसवणार.

"एक गेलं तर एक करून घ्यावं," ती म्हणाली. "एका दाताची कीड म्हणून सगळं तोंड कोण उपटतं?"

"तू यायचं काम नाय, माय."

तेवढं ऐकायचा अवकाश, गोजरबाईनं चाळीमागची गोणी काखेत मारली आणि केबिनमध्ये चढून बसली.

गाडी संभाजीनगरच्या रस्त्याला लागली. पुढं पोलिसाची गाडी दिसली की त्याचा पाय आपोआप सैल पडायचा. एकदा तिनं त्याच्या हाताकडं बघितलं. स्टिअरिंगवर बोटं पांढरी पडली होती. बरं नसंल, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि म्हणतानाच तिला ते खोटं वाटलं.

मोंढा नाक्याजवळ नईमभाईचं सजावटीचं दुकान होतं. गोंडे, हॉर्न, रंगीत दिवे, काळ्या बाहुल्या, सगळं छतापासून लोंबत होतं. इंद्रजीतनं गाडी अशी लावली, की क्लीनरची बाजू पार भिंतीला चिकटली.

"मी काय आता खिडकीतून उडी मारू?" गोजरबाई म्हणाली.

मग त्याला गाडी हलवावी लागली. हलवताना त्यानं दोनदा गल्लीच्या तोंडाकडं बघितलं.

नईमभाईनं म्हातारीला स्टूल दिलं, गाडीच्या मागंच, सावलीत. झाकणांची चवड पुढ्यात मांडली. "देखो अम्मा, आगे का फूला हुआ रहता, पीछे का गहरा. जोडचाके का रिम अंदर बैठता ना, इसलिए."

"ते मला नका शिकवू. रंग दाखवा."

त्यानं आरशासारखं एक काढलं. "यात काय आमी टिकल्या लावायच्या?" त्यानं चहूबाजूंनी टोकं आलेलं काढलं. "हे तर धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यातलं!" नईमभाई हसला. इंद्रजीत हसला नाही. त्यानं चवडीतळातलं काळं, बिननक्षीचं झाकण ओढलं.

"हे द्या. चारी. लवकर बसवा."

"काळं? गाडीला सुतक लागलंय का?"

"माय, तू गप बस."

त्यानं भावसुद्धा विचारला नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाजार डोक्यावर घेणारा हा माणूस.  गोजरबाईनं हट्टानं गोणीत हात घातला. "भाई, असा एक पोपट करून मिळंल का बघा—" पोपटाची चोच बाहेर येते न येते तोच इंद्रजीतनं झडप घालून गोणीचं तोंड आवळलं. इतक्या जोरात, की तिचं बोट चेंगरलं.

"झाक ते!"

नईमभाईनं ते बघितलं. हसू त्याच्या चेहऱ्यावर राहिलं, पण नुसतं राहिलं. काळी झाकणं उचलता उचलता तो सहज बोलल्यासारखं बोलला, "पैठण रोडकू जाना है तो संभालके, भाई. चितेगावपे पब्लिक गाड्यां रोक रही. कंपनी से छूटके आती एक औरत कू पिछले हफ्ते कोई उडाके गया. घाटी दवाखाने में पडी है, होश नै आया बोलते. वहाँ पे गाडी का कुछ टुकडा मिला. हरेक गाडी के चक्के देख रहे लोगां."

"आमी तिकडं जातच नाय," इंद्रजीत म्हणाला. फार लवकर म्हणाला.

गोजरबाईनं मान वर केली नाही. पैठणहून यायचं तर चितेगाव रस्त्यातच लागतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिची नजर समोरच्या जोडचाकावर होती. दोन टायरांच्या मधल्या फटीत, वरच्या अंगाला, काहीतरी काळपट अडकलं होतं. पाइपाचं पाणी टायराच्या तोंडावर पडलं होतं, फटीत शिरलं नव्हतं.

नईमभाईचंही लक्ष गेलं. "पत्थर फँसा लगता. निकालना पडेगा, नै तो टायर फूटता." त्यानं लोखंडी सळई उचलली.

"राहू द्या, मी घरी काढतो," इंद्रजीत म्हणाला.

"सळई इकडं द्या," गोजरबाई म्हणाली.

"माय, हात घालू नको!"

लेकाचा असा आवाज तिनं एकदाच ऐकला होता, लहानपणी तो विहिरीच्या काठावरून घसरला तेव्हा. तिनं सळई घेतली, गुडघे टेकले आणि फटीत खुपसली. ते दगडासारखं निघालं नाही. मऊ होतं, ताणत होतं. तिनं सळई पिळून हिसडा दिला, तेव्हा ते तिच्या पायाशी पडलं.

बाईची चप्पल. चेंगरून वाकडी झालेली. अंगठ्याजवळ तुटलेला पट्टा चांभाराकडून निळ्या दोऱ्यानं शिवून घेतलेला, टाके अजून कोरे. नवी परवडत नाही म्हणून कुणीतरी जपून चालवत होतं ती.

रस्त्यावर हॉर्न वाजत होते. 

"आडवी आली ती, माय," इंद्रजीत हळूच म्हणाला. आठवड्यात पहिल्यांदा तो तिच्या तोंडाकडं बघून बोलत होता. "अंधार पडत होता. मागच्या चाकाला काहीतरी लागल्यागत झालं. आरशात बघितलं, तर लोकं पळत येत होती. मारलं असतं मला त्यांनी. दोन लेकरं हायेत मला."

"ती पडलेली दिसली का तुला?"

तो खाली चपलेकडं बघायला लागला.

"दिसली का?"

"दिसली."

नईमभाईनं गळ्यातल्या रुमालानं हात पुसले. काळी झाकणं परत चवडीत ठेवली. "अम्मा, मैंने कुछ नै देखा. तुम घर जाओ."

"तुम्ही नसाल बघितलं, भाई. मी बघितलं." ती गुडघ्यावर हात देऊन उठली. उठताना तिला गाडीचा आधार घ्यावा लागला, आणि हात लागताच तो तिनं मागं ओढला.

इंद्रजीत जवळ आला. त्यानं चप्पल उचलायला हात लांब केला, तशी तिनं त्याच्या हातावर सळईच टाकली. तो कळवळला. लासूरच्या बाजारात ज्याच्या नावानं ती छाती काढून चालायची, तो हा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं नाही, मनगटानं पुसलं.

"माय, कुणाला कळायचं नाय. चार झाकणं बदलली की झालं. तू फक्त घरी चल."

गोजरबाईनं चप्पल उचलून पदरात बांधली. मग भर दुकानात, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"चाकाखाली माणूस कुणाच्याबी हातून येतं, इंद्र्या. त्याच्यासाठी मी तुझ्यासंगं लोकांचा मारबी खाल्ला असता. पण ती पडलेली दिसली आन तू गाडी हाणली, आन वर आठवडाभर माझ्या हातची भाकर खाल्ली. बस गाडीत. आधी घाटीत, तिच्या घरच्यांसमोर. मग ठाण्यात. नाय म्हणशील, तर मी पायी जाईन आन तुझं नाव मीच सांगंन. मंग लासूरला कुणी इचारलं, तर गोजरबाईला लेकच नव्हता."