ढगळ जर्सी

शाळेच्या मैदानावर दोन संघ पाडायची सरांची पद्धत अगदी सोपी होती. मुलांना रांगेत उभं करायचं, एका टोकापासून बोट फिरवत जायचं आणि म्हणायचं, "तू शर्ट, तू उघडा, तू शर्ट, तू उघडा." दोन रंगांचे कपडे शाळेकडे नव्हते, म्हणून अर्ध्या मुलांनी शर्ट काढून खेळायचं. चौदा वर्षांच्या पोरांना मैदानात उघडं व्हायला काय जातंय, असं सरांना वाटायचं. सर माणूस वाईट नव्हता, पण ऑफसाइड सोडून दुसऱ्या कशाची त्याला फारशी काळजी नसायची.

या नियमातून फक्त गोलकीपर सुटायचे. त्यांना वेगळी जर्सी, लांब बाह्यांची, आणि ती खेळ संपेपर्यंत अंगातच.

वर्षभरापूर्वी एका दुपारी ते बोट एका मुलासमोर येऊन थांबलं. "तू उघडा." हा मुलगा तेव्हा संघातला सगळ्यात चपळ फॉरवर्ड. तो पटकन म्हणाला, "सर, माझा पाय दुखतोय. मी गोलमध्ये उभा राहू?" सरांनी मान डोलावली. त्यानंतर तो पाय वर्षभर दुखत राहिला.

पायाला काहीही झालेलं नव्हतं. झालं होतं ते छातीला. आधी डाव्या बाजूला, कातडीच्या आत, शर्टाच्या बटणाएवढी एक टणक गाठ आली. दप्तराचा पट्टा घासला तरी कळ यायची. मग उजवीकडेही तसंच झालं, आणि बघता बघता दोन्ही बाजूंना उंचवटा दिसायला लागला. त्याने न्हाणीघराची कडी लावून आरशात समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं, श्वास रोखून पाहिलं. आपल्याला काहीतरी भयंकर रोग झालाय असं त्याला एक दिवस वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी आपण मुलगाच राहणार नाही असं वाटायचं. यातलं जास्त वाईट कुठलं, हे काही त्याला ठरवता यायचं नाही.

मग त्याने आपल्या परीने बंदोबस्त केला. आतून दोन बनियन, तेही लहानपणचे, घट्ट. खांदे पुढे पाडून चालायचं. दप्तर पाठीऐवजी पोटाशी धरायचं. उन्हात घामाने जीव गेला तरी बनियन निघायचं नाही. एवढं करूनही व्हायचं ते झालंच. त्याच्या बाकावर शेजारी बसणारा मुलगा, ज्याला सगळे रेडिओ म्हणायचे कारण त्याचं तोंड म्हणून बंद व्हायचं नाही, त्याने एकदा मस्तीत याच्या छातीवर डोकं टेकलं आणि ओरडला, "काय मऊ आहे रे, उशीच!" वर्ग हसला. तेव्हापासून तो उशी झाला. आपण मात्र त्याला त्या नावाने हाक मारायची नाही. पुढच्याच आठवड्यात त्याने बाक बदलला आणि शेवटच्या रांगेत एकटा बसायला लागला. का, असं कुणी विचारलंही नाही.

घरी सांगावं, तर कुणाला? बाबा लांबच्या शहरात क्रेन चालवायचे. रविवारी त्यांचा फोन यायचा, त्यात गणिताचे मार्क आणि आईला त्रास देत नाहीस ना, एवढंच असायचं. आणि आई होती शिंपीण. बायकांचे ब्लाऊज शिवण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं, कोपऱ्यात पडदा, पडद्याआड मापं. आई टेप लावून आकडे मोठ्याने सांगायची आणि मुलगा पडद्याबाहेर स्टुलावर बसून वहीत लिहून घ्यायचा. कंबर इतकी, बाही इतकी, छाती इतकी. लहानपणापासून तो हे करत आला होता आणि त्यात त्याला कधी काही वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी त्याने अभ्यासाचं निमित्त काढून ते लिहिणं सोडलं. ज्या घरात दिवसभर छातीचीच मापं निघत होती, त्या घरात त्याला स्वतःच्या छातीबद्दल एक शब्द काढता येत नव्हता. आईने त्याचं माप घ्यायला टेप उचलला, तर तो म्हणायचा, "जुन्या शर्टावरून घे." ती घ्यायची. चौदा वर्षांचा पोरगा आहे, लाजतो, असं ती गिऱ्हाइकांना हसून सांगायची.

एक जर्सी तेवढी त्याची होती. पिवळी, विटकी, आधीच्या कुठल्यातरी दांडग्या गोलकीपरची. ती त्याच्या अंगावर पोत्यासारखी लोंबायची, आणि म्हणूनच त्याचा तिच्यावर जीव होता. तिच्यात शिरलं की तो खांदे सरळ करू शकायचा. आठवड्यातून तीन दुपारी, दीड दीड तास, तो सरळ उभा राहायचा.

पण गोलकीपरला बॉल छातीवर घ्यावा लागतो, आणि याचं नेमकं तेच दुखणं. जोरात आलेला बॉल तो कवेत न घेता मुठीने ढकलायचा. ढकललेला बॉल कुणाच्या तरी पायात जायचा आणि गोल व्हायचा. आंतरशालेय सामन्याच्या दोन दिवस आधी सरांनी त्याला बाजूला घेतलं.

"बॉलला घाबरतोस काय तू? छातीशी धरायचा. शनिवारी असाच ढकलत बसलास तर सोमवारपासून पुन्हा फॉरवर्ड. आठवीतला तो लंबू गोलसाठी कधीपासून मागे लागलाय माझ्या."

पुन्हा फॉरवर्ड म्हणजे पुन्हा ती रांग आणि ते बोट. त्या रात्री मुलाला जेवण गेलं नाही. आईने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सामना आहे ना शनिवारी. टेन्शन आलंय."

आईच्या जिवाला ते लागलं. पोरगं सामन्याला उभं राहणार आणि अंगात ते पोतं. लोक काय म्हणतील, शिंपिणीचा मुलगा आणि ही दशा? शुक्रवारी तो शाळेत असताना तिने गिऱ्हाइकाचं काम बाजूला सारलं, दोरीवरची जर्सी काढली, त्याचा शाळेचा शर्ट शेजारी पसरला आणि त्यावरून माप काढून जर्सी अंगाबरोबर केली. इस्त्री केली, घडी घातली, पिशवीत ठेवली. त्याला एका अक्षराने सांगितलं नाही. मैदानात उघडून बघू दे, खूश होईल.

शनिवारी सामना चारला होता. सव्वातीनला मुलं जिन्याखालच्या खोलीत कपडे बदलत होती. मुलाने नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून, बनियनवरूनच, जर्सी डोक्यातून घातली. ती खाली आलीच नाही, अंगाला धरून बसली. त्याने मान खाली घालून पाहिलं. बगलेखालून छातीकडे तिरप्या जाणाऱ्या दोन शिवणी, सफाईदार, दोन्ही बाजूंना सारख्या. आणि त्या शिवणींच्या टोकाशी जे काही वर्षभर लपवलं होतं, ते सगळं नीट मापात बसवून समोर मांडलेलं.

"अरे, हे टक्स आहेत!" रेडिओ म्हणाला. "माझ्या ताईच्या ब्लाऊजला असतात. उशीच्या आईने उशीला ब्लाऊज शिवलाय."

खोली हसली. हसण्यात सगळ्यात मोठा आवाज रेडिओचा होता. मुलाने पिशवी उचलली, छातीशी धरली आणि तो धावत सुटला. घर दहा मिनिटांवर होतं. वाटेत त्याला कोण दिसलं, कुणी हाक मारली का, हे त्याला नंतर आठवलं नाही.

आई मशीनवर होती. सुदैवाने गिऱ्हाईक नव्हतं. त्याने जर्सी ओरबाडून काढली आणि मशीनवर टाकली.

"काय केलंस हे तू?"

"अरे, काय झालं? सामना?"

"टक्स घातलेस तू. मला टक्स घातलेस. मी काय बाई आहे?"

आईने जर्सी हातात घेतली. उलटी केली. त्या दोन शिवणींवरून बोट फिरवलं, जणू त्या दुसऱ्याच कुणी घातल्या होत्या. खरंच, घालताना तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. वीस वर्षं हात तेच करत आला होता. शाळेच्या शर्टाचं कापड छातीवर ताणून पातळ झालं होतं, बटणांच्या मधे फाकलं होतं. हाताने ते वाचलं आणि जिथे कापड कमी पडत होतं तिथे जागा करून दिली. डोक्यापर्यंत बातमी पोचलीच नव्हती.

तिने वर पाहिलं. मुलगा समोर उभा होता, दोन बनियनांत, हात छातीवर आडवे घट्ट धरून. त्यातलं वरचं बनियन तिने त्याला चौथीत घेतलं होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"वर्ष झालं."

"दुखतं?"

"बॉल लागला की."

त्याला जवळ घ्यावंसं तिला फार वाटलं, पण त्याचे ते आडवे हात बघून ती जागची हलली नाही. "माझ्या हाताला कळलं रे," ती म्हणाली, "आणि मला नाही कळलं." मग तिचं तिलाच ते सहन होईना. तिने घड्याळाकडे पाहिलं आणि अर्धं ब्लेड उचललं. "कापड कापलेलं नाही मी. सगळं आत ठेवलंय. दहा मिनिटं दे."

तिने एक बाजू उसवली, दुसरं ब्लेड त्याच्या हातात दिलं, दुसरी त्याने उसवली. दोघं मान खाली घालून टाके काढत राहिले. जर्सी पुन्हा पोतं झाली, फक्त जिथून शिवणी गेल्या होत्या तिथे सुईची बारीक भोकं राहिली.

"सोमवारी डॉक्टरकडे जायचं," आई म्हणाली. "मी बाहेर बसेन. आत येणार नाही."

तो पोचला तेव्हा नाणेफेक झाली होती आणि लंबू हातमोजे चढवत होता. सरांनी तोंड भरून शिव्या घातल्या आणि त्याला गोलमध्ये लोटलं. सामन्याचं सगळं सांगत बसत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत आपला संघ एका गोलने पुढे असताना समोरच्यांचा बॉल थेट त्याच्या अंगावर आला. त्याने तो ढकलला नाही. दोन्ही हातांनी छातीशी आवळला आणि तसाच जमिनीवर पडून राहिला, कारण उठता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने जर्सीच्या बाहीला पुसलं. सगळ्यांना वाटलं, वेळ काढतोय. सर लांबून म्हणाले, "शाब्बास, हुशार आहे."

शिट्टी झाली आणि पोरांनी शर्ट काढून हवेत फिरवायला सुरुवात केली. मुलगा आपल्या टोकाला गोलच्या खांबाशी एकटा उभा होता. जिंकल्यावर इतकं एकटं वाटतं हे त्याला माहीत नव्हतं. पलीकडच्या कडेला रेडिओ खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. बराच वेळ बांधत होता.

सोमवारी डॉक्टरांनी दोन मिनिटं तपासलं, चार प्रश्न विचारले आणि हात धुतले. "वयात येताना होतं हे. घाबरायचं काही नाही. बहुतेकांचं दोनेक वर्षांत आपोआप जातं. तुझं राहिलं तर बघू."

"बहुतेकांचं म्हणजे?" मुलाने विचारलं. "आणखी कुणाला असतं?"

"तुझ्या वयाच्या निम्म्या मुलांना थोडंफार होतंच."

निम्म्या. वर्गात चाळीस मुलं होती. त्या आठवड्यात त्याने धड्याकडे लक्ष दिलं नाही. तो शेवटच्या बाकावरून पाठी मोजत राहिला, कोण वाकून बसतं, कोण दप्तर पुढे घेतं. वीस कुठले, त्याला धड दोन सापडेनात. सगळेच त्याच्याइतके हुशार होते.

मग गुरुवारी मैदानावर, गोलमधून, त्याला दिसलं. रांग लागताना रेडिओ बडबडत बडबडत जागा बदलायचा. कुणाच्या पाठीवर थाप मार, कुणाला चिमटा काढ, असं करत करत तो पहिल्या, तिसऱ्या किंवा पाचव्या जागी येऊन थांबायचा. पहिला, तिसरा, पाचवा म्हणजे शर्ट. मुलाने आठवून पाहिलं. या वर्षात रेडिओला उघडा पाहिल्याचं त्याला आठवेना.

त्याच दिवशी सरांचं बोट निघणार इतक्यात एक मुलगा उशिरा धावत येऊन रांगेत सगळ्यात पुढे घुसला. सगळा हिशेब एकाने सरकला.

"तू शर्ट, तू उघडा, तू शर्ट." बोट रेडिओसमोर आलं. "तू उघडा."

रेडिओ गप्प झाला. वर्षभरात पहिल्यांदा तो गप्प झाला. त्याने वरच्या बटणाला हात लावला आणि हात तिथेच राहिला.

मुलाला उशी आठवली, जिन्याखालची खोली आठवली, ते हसणं तर कानातच होतं. आता त्याने फक्त बघत राहायचं होतं, बाकी काम सरांच्या बोटाने केलं असतं. मोह झाला नाही असं नाही. तो मोह त्याने चांगला चारपाच श्वास बाळगला. मग तो गोल सोडून मैदानाच्या मधोमध चालत आला.

"सर, माझं मनगट धरलंय. आज याला गोलमध्ये घ्या. मी बाहेर बसतो."

"लंबूला घेतो की मग."

"लंबू समोरच्या गोलमध्ये आहे, सर."

सर वैतागून हो म्हणाले. मुलाने सगळ्यांदेखत जर्सी डोक्यातून काढली. दोन घट्ट बनियनांत तो उन्हात उभा राहिला, आणि हात आडवे न धरता त्याने ती रेडिओपुढे केली. कुणीतरी मागून खुसखुसलं. रेडिओ हसला नाही. त्याने शर्टावरूनच जर्सी घातली. बगलेखाली त्याचा अंगठा त्या भोकांवर अडखळला, तिथून छातीपर्यंत सरकला आणि थांबला. त्याने मुलाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"जरा ढगळ होतेय," तो हळूच म्हणाला.

"ढगळच बरी," मुलगा म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला.