कालव्याकडचे खरे दार

डूगल बॅक्स्टर याचे घर म्हणजे पूर्वीची कालव्याकाठची सराय होय. तिचे मुख पाण्याकडे आणि पाठ रस्त्याकडे. कारण ती उभारली गेली त्या काळी पाहुणा घोड्यांनी ओढलेल्या होडीतून येत असे. मुखभिंत घडीव वालुकाश्माची, मध्यभागी अर्धगोल फुगवटा, त्याच्या दोन्ही अंगांस एकेक हिरवे दार, अन् वर पाच खिडक्या. पैकी एक खिडकी खोटी! तिच्यामागून धुराडे जाते. परंतु भिंतीचा तोल ढळू नये म्हणून जुन्या कारागिरांनी दगडावरच काळी काच रंगवून पांढऱ्या पट्ट्या ओढल्या. डूगल स्वतः गवंडी. दर वसंतात तो कमरेला दोर बांधून शेजारच्या खिडकीतून लटके व ती काच नव्याने रंगवी. दोराचे दुसरे टोक पत्नी नेटा हिच्या हाती असे, आणि भांडण झाले असल्यास तो दोर किंचित सैल होई.

आज लेकीचे, आइलाचे, लग्न होते. वधूने बापाच्या घरातून पुढल्या दारानेच, उजवे पाऊल आधी टाकून निघावे, अशी रीत. परंतु कालव्यावरची वाहतूक थांबली तेव्हाच दोन्ही दारे आतून गिलावा करून बुजविली गेली, असा साऱ्यांचा समज होता, आणि घरची माणसे मागल्या दाराने, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून वावरत होती. डूगलने मात्र साऱ्या गावास छातीठोकपणे सांगून ठेवले होते, की आइला पुढल्या दारातून थेट होडीत बसेल.

त्याने बैठकीतले दार निवडले. प्रतिष्ठित दार बैठकीतच असणार, हा त्याचा सिद्धान्त. चार दिवस त्याने छिन्नी चालविली. गिलाव्यामागे दगड लागला. दगडामागे दगड. लग्नाच्या सकाळी दहा वाजता, कोटावर पांढरी धूळ माखलेला डूगल हातभर खोल खड्ड्यात तोंड घालून उभा होता.

"हे दार खोटं आहे," तो क्षीण स्वरात उद्गारला. "खिडकीसारखंच. नुसता रंगवलेला दगड."

"तीस वर्षं खोटी खिडकी रंगवणारा माणूस," नेटा म्हणाली, "आणि त्याला खोटं दार ओळखता येईना! आता माझी पोर डब्यांजवळून जाणार?"

"दुसरं फोडतो."

"दुसरं माझ्या स्वयंपाकघरात आहे! भांड्यांच्या कपाटामागे. तेही खोटं निघालं तर? तुझ्या अंदाजावर मी माझ्या आजीच्या बशा हलवणार नाही."

"बाबा, राहू द्या," पांढऱ्या झग्यातील आइला म्हणाली. परंतु तिची पावले मागल्या दाराकडे वळेनात, आणि ते पाहून डूगल ओशाळला. पलीकडच्या काठावरून त्याने ती दारे शंभरदा न्याहाळली होती. रंगवलेला दगड नि रंगवलेले लाकूड तेथून हुबेहूब एकच भासे.

इतक्यात कालव्यावरून बॅगपाइपचा सूर घुमला. नवरदेव स्ट्रुअन होडी घेऊन आला होता. तो कालव्याचे पाणी अडवणाऱ्या झडपांवर कामाला असून रोज याच भिंतीखालून जाई. डूगलने खिडकीतून डोके काढले व झाला प्रकार ओरडून सांगितला.

स्ट्रुअनने वल्ह्याने दोन्ही दारांखालची वेल बाजूला सारली. "डूगलकाका, बैठकीकडची पायरी कोरी करकरीत आहे! स्वयंपाकघराकडची मधोमध झिजलीय, बशीसारखी!"

"हे आधी सांगायला काय झालं होतं, जावईबापू?" नेटा दुसऱ्या खिडकीतून कडाडली.

"तुम्ही कुठं विचारलंत?"

झिजलेली पायरी! जेथे शेकडो पावले पडली, तेच खरे दार. डूगलला एवढे हसू आले, की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "अगं, काकडलेला प्रवासी बैठकीत कशाला शिरेल? तो आधी चुलीकडेच धावणार!"

मग एकच धांदल उडाली. आजीच्या बशा हातोहात अंगणात गेल्या, सूपाचे पातेले इना मावशीच्या मांडीवर विसावले, कपाट सरकले. डूगलने हातोडीने ठोकले, आणि भिंत पोकळ वाजली. तो नाद ऐकून वऱ्हाडाने अशी आरोळी ठोकली, की कालव्यावरची बदके उडाली. गिलावा कोसळला, लाकूड दिसले, चार जणांनी ओढल्यावर दार किंकाळी फोडून आत उघडले, अन् स्वयंपाकघरात कालव्यावरचे लखलखते ऊन शिरले.

आइलाने झगा उचलला. तिचे उजवे पाऊल झिजलेल्या पायरीच्या खोलगटात असे अलगद बसले, जणू तो तिच्याच मापाने झिजला होता.

पुढे शिस्त उरली नाही. प्रत्येकाला त्याच दाराने निघायचे होते. इना मावशी पातेल्यासकट होडीत उतरली. होडीचा काठ पाण्याला टेकता टेकता राहिला. अखेरीस डूगल निघाला, तोच नेटाने पडद्याचा दोर त्याच्या कमरेला बांधला.

"आज कशाला?" त्याने विचारले.

"सवय," ती म्हणाली, आणि या खेपेस तिने दोर घट्ट धरला.