एतवारीच्या यकृतातला पिंजरा

मित्रांनो, मी पाच दिवसांचा म्हातारा आहे. हसू नका. आमच्या जातीत एवढं आयुष्य म्हणजे पुष्कळ झालं. मी प्रथिनाचा पिंजरा. चोवीस तुकडे आपसूक एकमेकांना बिलगले, मध्ये पोकळी राहिली, आणि मी झालो. केसाच्या जाडीत आम्ही सहा हजार भाऊ सहज शेजारी शेजारी बसू. माझं घर एतवारीच्या यकृतात. एतवारी आसामातल्या चहाबागेत पानं खुडते. तिला सातवा महिना आहे.

माझं काम लोखंड सांभाळण्याचं. ते मोकळं भटकलं तर अंगात नासधूस करतं. म्हणून माझ्या बारीक भोकांतून ते एकेक अणू करत आत येतं, भिंतीपाशी प्राणवायूला भेटतं आणि गंजाच्या इवल्याशा खड्यात बसतं. चार हजारांवर अणूंची जागा आहे माझ्यात. पण पहिल्या दिवशी आले नऊ! नवांचा खडा कसा जमणार? तिकडे पोटातलं बाळ तर रक्तासाठी रोज लोखंड मागत होतं.

लोखंडाच्या गोळ्या मिळत नव्हत्या असं नाही. खुडणाऱ्या बायकांवर देखरेख करणारी सरदारनी मंगरी मावशी फार दक्ष. मळ्यात मिठाचा, बिनदुधाचा लाल चहा आला, की ती पोटुशींना समोर उभं करायची.

"गिळ माझ्यासमोर! झुडपात फेकाल, ठाऊक आहे मला."

"फेकीन कशी मावशी? तुझे डोळे घारीचे," असं म्हणत एतवारी चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळायची. चहा त्या लोखंडाला आतड्यातच धरून ठेवायचा. माझ्यापर्यंत जवळजवळ काही पोचायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी एतवारी झुडपांमध्ये मटकन खाली बसली. दवाखान्यातल्या नर्स जोनाली बाईदेउंनी, म्हणजे जोनालीताईंनी, तिची पापणी ओढून पाहिली. आत पांढरीफटक.

"गोळ्या घेत नाहीस ना?"

मावशी उसळली. "रोज घेते! मी स्वतः चहाबरोबर गिळायला लावते!"

"मग मावशी, गोळ्या तुमच्या चहानंच खाल्ल्या."

मावशीचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे मीच लेकराच्या तोंडचं काढलं?"

"काढलं नाहीत. आता लिंबूपाण्याबरोबर द्या. चहा दोन तासांनी."

तिसऱ्या दिवशी मावशीनं परसातलं लांबडं लिंबू आणलं. "घे. आणि चहाकडे नुसतं बघितलंस तर टोपली उलटी घालीन डोक्यावर!"

त्या दिवसापासून लोखंड येऊ लागलं. चार अणू माझ्या भिंतीच्या कोपऱ्याला चिकटले. त्यांच्या आधारानं पुढचे बसले, मग त्यांच्यावर आणखी. खडा वाढला. मी पहिल्यांदा जड झालो, मित्रांनो. काय सांगू, किती छान वाटतं जड होणं!

आज बाळाचं बोलावणं आलं आहे. खडा बाहेर काढायचा तर पेशी पिंजराच मोडते. माझं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या घरी कुणी पोटुशी असेल, तर "गोळी घेतलीस का?" एवढंच विचारून पळू नका. तिच्याजवळ दोन मिनिटं बसा, कशाबरोबर घेते ते पाहा.

माझे तुकडे सैल होऊ लागले. अणू निघाले.

बाळा, ओंजळ पुढे कर.