हंसाची मूठ

सुरूबन रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात शेफ आली, त्या दिवसापासून हंसाच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. एक तर ही बया कधी पोटभर खायची नाही, नुसती चाखायची. आणि चाखून झालं की बरं-वाईट काही बोलायची नाही, नुसती लिहायची. पांढऱ्याशुभ्र कोटाच्या खिशात एक छोटी डायरी असायची आणि त्या डायरीतलं अक्षर कोणाला दिसेल तर शपथ!

हंसा डहाणूच्या किनाऱ्यावरच्या या रिसॉर्टमध्ये बारा वर्षं सुक्या बोंबलाचं कालवण रांधत होती. पाहुणे त्या कालवणासाठी परत परत यायचे. मस्टरवर तिचं पद मात्र 'किचन हेल्पर'. आणि २०१७च्या डिसेंबरात मालक विपुलशेठ मुंबईहून अठ्ठावीस वर्षांची पोरगी घेऊन आले आणि म्हणाले, "बेन, हे शेफ उन्नती. आता हे सांगेल तसं."

हंसाने पहिल्याच दिवशी विचारून घेतलं, "म्हणजे म्याडम, तुम्ही पण कुकच ना?"

"नाही मावशी. मेनू ठरवायचा, चव ठरवायची, ती रोज तशीच लागते का बघायचं, हे शेफचं काम. ठरलेलं करायचं, ते कुकचं."

"मग इतके दिवस इथली चव कोणी ठरवली?"

उन्नती हसली. डायरी काढून लिहू लागली. हंसाला ते फार लागलं.

आठवड्याने हुकूम निघाला. प्रत्येक पदार्थाचं एक कार्ड करायचं. त्यावर सगळं ग्रॅममध्ये लिहायचं. विपुलशेठ तलासरीला हायवेवर नवं हॉटेल काढत होते आणि तिथेही हेच कालवण हवं होतं. बाकी सगळं सोपं होतं, कांदा-चिंच तोलता येते. अडलं ते मिठावर. बोंबील मीठ न लावता वाळवतात, त्यामुळे सगळा खारटपणा टोपातच ठरतो, आणि हंसा मीठ घालायची मुठीने. पंचवीस ताटांच्या टोपाला दोन मुठी.

"उद्या तुमची मूठ मोजू," उन्नती म्हणाली.

संध्याकाळी हंसाने हे नणंदेला, पुतळीला सांगितलं. पुतळी बांबूच्या वलांडीवरून वाळलेले बोंबील उतरवत होती. तिचे हात जागीच थांबले.

"लोक मूठ मारतात हे ऐकलेलं. ही मोजते? आणि तू देणार?"

"नोकरी हाय गो. नाय कशी म्हणू?"

"मूठ कागदावर गेली तर तुझं काय काम ऱ्हायलं तिथं? मग कोणाला पण उभा करतील चुलीवर. तुला सांगतील, भांडी घास."

पुतळीने काही नवं सांगितलं नव्हतं, हंसाला जे म्हणवत नव्हतं तेच ती बोलली होती.

दुसऱ्या दिवशी उन्नतीने टेबलावर वजनकाटा ठेवला. हंसाने बरणीत हात घातला आणि मूठ नेहमीपेक्षा घट्ट दाबून भरली. काट्यावर आकडा आला पंचावन्न. पुन्हा भरली, पंचावन्न. दहा वेळा भरली, एकदाच चोपन्न आले.

"कमाल आहे मावशी! मशीन आहात तुम्ही."

खोटं बोलावं तर असं, एका ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडू न देता! हंसाला स्वतःच्या हाताचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता. कार्डावर चढलं, मीठ ११० ग्रॅम. आता ज्याला करायचंय त्याने करावं आणि समुद्र प्यावा.

पण त्यानंतर भलतंच सुरू झालं. सकाळी आली की मिठाची बरणी जागेवरून चार बोटं सरकलेली असायची. एकदा तर हंसाने दारातूनच पाहिलं, उन्नती बरणी उचलून घेऊन होती आणि हंसाची चाहूल लागताच तिने ती झटकन फळीवर ठेवली. ही मिठात काही कालवते की काय? माझं कालवण बिघडवून मला घालवायचा डाव असेल! हंसाने बरणी धुऊन नवं मीठ भरलं. कालवण नेहमीसारखंच झालं, बरणी मात्र सरकतच राहिली. आठवडाभर हंसाला धड झोप लागली नाही.

जानेवारीत तलासरीच्या हॉटेलात चव बघायचा दिवस ठरला. विपुलशेठ हंसालाही गाडीत घालून घेऊन गेले. तिथे चुलीवर सुनिल होता, मूळचा सायवनचा, दहा वर्षं हायवेवरच्या हॉटेलांत हात भाजून घेतलेला कुक. त्याने कार्ड डोळ्यांसमोर टांगलं आणि एकेक वस्तू तोलून घातली. हंसा कोपऱ्यात उभी राहून बघत होती. बिचाऱ्याचं काही चुकत नव्हतं, आणि तिला त्याची दयाही येत होती.

विपुलशेठचे दहा नातेवाईक ताटावर बसले होते. शेठनी पहिला घास घेतला आणि थेट पाण्याच्या ग्लासाला हात घातला.

"केटलुं खारुं! सुनिल, काय केलं हे?"

"शेठ, कार्डावर आहे तेवढंच. पंचवीस ताटांना एकशे दहा." सुनिलने कार्ड पुढे केलं.

शेठनी उन्नतीकडे पाहिलं. हंसा दाराकडे सरकली. आता ही म्हणणार, बाईने माप खोटं दिलं. बारा वर्षांची चाकरी आज इथेच, तलासरीच्या या कोऱ्या फरशीवर संपणार.

"कार्ड बरोबर आहे," उन्नती शांतपणे म्हणाली. "मी स्वतः तोललंय. काही पदार्थ कार्डावर येत नाहीत शेठ, ते हातालाच साधतात. मावशींना करू द्या."

शेठनी घड्याळ पाहिलं. पाहुणे ताटावर खोळंबले होते. "ठीक. बेन, तुम्हीच करा. उद्यापासून कुक म्हणून नाव लावतो."

हंसा चुलीशी आली. सुनिल बिचारा टोप उपसायला मागे गेला. कांदा परतता परतता हंसा हळूच म्हणाली, "म्याडम, तुम्हाला ठाऊक होतं?"

उन्नतीने खिशातून डायरी काढली आणि तिच्यापुढे उघडी धरली. 'मावशी सांगतात ५५. घालतात ४०.' खाली आठ दिवसांच्या तारखा.

"कालवणाआधी बरणी तोलायची, नंतर पुन्हा तोलायची. सोपं होतं."

"मग सांगितलं का नाय?"

"पुढच्या महिन्यात मी दमणला जातेय, मोठ्या हॉटेलात. तिथे हे कालवण ठेवणार आहे. खरा आकडा इथल्या कार्डावर गेला असता तर उद्या हायवेवरच्या प्रत्येक हॉटेलात तेच मिळालं असतं. मग माझं वेगळं काय?" ती अगदी प्रेमाने हसली. "तुम्हाला चूल मिळाली मावशी. तुमचं नुकसान काही नाही झालं."

"तिथं मेनूवर काय लिवणार?"

"शेफ्स स्पेशल."

हंसाच्या डोक्यात सणक गेली. तिने ते पान टरकन फाडलं आणि बर्नरच्या जाळात धरलं. उन्नतीने अडवलं नाही. पान जळेपर्यंत ती शांतपणे बघत राहिली.

"पाठ आहे मला," ती म्हणाली आणि पाहुण्यांकडे निघून गेली.

टोपात रस्सा उकळत होता. बाहेरून शेठची हाक आली, "बेन, किती वेळ?" हंसाने मिठात हात घातला, मूठ भरली आणि टोपावर नेली. तिथे तो हात अडला. चाळीस होतं का हे? जरा जास्त वाटत होतं. तिने थोडं मीठ परत बरणीत सोडलं. आता कमी वाटू लागलं. बारा वर्षांत मीठ घालताना ती पहिल्यांदा आपल्याच मुठीकडे बघत उभी होती.